मूळ प्रतिमा जपताना

कोकणच्या दमट हवेत जुने कागद फार काळ तग धरीत नाहीत. सावंतवाडी तालुक्यातील इन्सुलीसारख्या गावी जुन्या मोडी कागदपत्रांच्या प्रतिमा संगणकावर उतरवून ठेवणे म्हणूनच अगत्याचे ठरते. १९९० मध्ये सर्वांस खुली झालेली ‘इमेजमॅजिक’ ही विनामूल्य आज्ञावली या कामी उपयुक्त आहे. तिच्या एकाच आज्ञेने शेकडो प्रतिमांचे आकारमान बदलता येते. मात्र ‘जेपेग’ प्रतिमा वारंवार संपादून साठविल्यास बारीक रेषा पुसट होतात, आणि मोडीत एक रेघ गेली की नाव बदलावयाचे! मूळ प्रतिमा ‘टिफ’ स्वरूपात राखावी. ‘मॉग्रिफाय’ ही आज्ञा तर एरवी मूळ फाइल पुसून तिच्याच जागी नवी लिहिते. ती चालविण्यापूर्वी सर्व प्रतिमांची प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये काढून घ्यावी.