आधी काटा, मग घाट

नगर जिल्ह्यातल्या माणसाला वजनाचं गणित शिकवायला नको. भरलेली ट्रॉली काट्यावर, ऊस गव्हाणीत, रिकामी ट्रॉली पुन्हा काट्यावर; वजाबाकी करा, तेवढा आपला ऊस. काटा मारल्याचा संशय आला तर दुसऱ्या काट्यावर ताडून बघायचं, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक. पण हाच माणूस पिकअपच्या हौद्यात बसणारा कॅम्पर बनवून घ्यायला नागापूरच्या एमआयडीसीत शिरतो, तेव्हा फॅब्रिकेशनवाल्याला लांबी सांगतो, रुंदी सांगतो, खिडकी कुठं हवी ते सांगतो आणि वजनाबद्दल चकार शब्द काढत नाही.

हौद्यात सरकवायचा कॅम्पर म्हणजे तळ, भिंती, छप्पर असलेला सुटा डबा. घरी तो चार पायांवर उभा असतो. निघायच्या दिवशी पिकअप मागं घेत त्याच्याखाली घालायची, डबा टेकवायचा, आवळायचा. रविवारी रात्री उतरवला की सोमवारी गाडी कांदे भरायला मोकळी. अमेरिकेत हा प्रकार जुना आहे. तिथले पक्क्या भिंतींचे कितीतरी डबे टनाच्या वर भरतात आणि त्यांच्याखालच्या गाड्याही तशाच दांडग्या असतात. आपल्याकडे डबा तिथले फोटो बघून बनतो, गाडी मात्र इथलीच राहते. घोळ तिथं होतो.

सुरुवात आरसी बुकापासून करा. त्यावर दोन आकडे असतात: गाडीचं रिकामं वजन आणि भरलेल्या गाडीचं मंजूर वजन. मधला फरक म्हणजे गाडीची ऐपत. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येप्रमाणे रिकाम्या वजनात चालक धरलेला नसतो. म्हणजे तुम्ही स्वतः, शेजारी बसलेला मित्र, गाडीला नंतर लावलेला लोखंडी बंपर आणि वरचं कॅरिअर, हे सगळं त्या फरकातूनच वजा होतं. बोलेरो पिकअपच्या नावातच १.३ टन, १.७ टन असे आकडे येतात, त्यामुळं तिच्या मालकाला निदान अंदाज तरी असतो. फसतो तो हायलक्स किंवा व्ही-क्रॉसवाला. गाडी महाग, उंच, चारही चाकं ओढणारी. ती काय वाटेल ते उचलेल असं त्याला वाटतं. प्रत्यक्षात दोन रांगांची केबिन आणि माणसांना मऊ बसावं म्हणून केलेली रचना यांमुळं हौद्यासाठी उरणारा आकडा मालवाहू पिकअपच्या निम्म्याहूनही कमी असतो. कॅम्परच्या कामाला मला साधी, खडखड वाजणारी मालवाहू गाडीच बरी वाटते. थोबाड कसलंही असो, पाटे भरवशाचे आहेत.

आता डब्याचं वजन. ते बनवल्यावर मोजण्यापेक्षा बनवण्याआधी मोजता येतं, आणि त्याला कागद-पेन्सिल पुरते. २५ बाय २५ चा, २ मिलिमीटर जाडीचा लोखंडी चौकोनी पाईप मीटरला साधारण १.४४ किलो भरतो. ६० मीटर पाईप लागला तर सांगाडा ८६ किलोंचा झाला. बाहेरून १८ चौरस मीटर पत्रा धरा. १ मिलिमीटर जाडीचा लोखंडी लावला तर १४१ किलो, १.२ मिलिमीटरचा ॲल्युमिनियमचा लावला तर ५८. आठ बाय चारची प्लायची शीट १२ मिलिमीटर असेल तर २३ किलोंच्या आसपास, १८ मिलिमीटर असेल तर ३५. तळ, पलंग, कपाटं मिळून पाच शीट लागतातच. दार, खिडक्या, थर्माकोल आणि गादीचे ६० किलो धरले, तर हलका डबा ३२० किलोंत बसतो आणि जड डबा ४६० ओलांडतो. आकार तोच, खिडक्याही तेवढ्याच. 'साहेब, मजबूत करून देतो' या वाक्याची किंमत १४० किलो आहे.

हे झालं कोरडं वजन. भटकंती कोरड्या डब्यातून होत नाही. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो. घरातल्या इन्व्हर्टरची मोठी ट्युब्युलर बॅटरी उचलून आणली तर ५५ किलोंच्या आसपास. सौर पॅनेल आणि त्याची चौकट २० किलो, पाच किलोंचा छोटा सिलिंडर टाकीसकट १२, भांडी-शिधा ४०, चौघांच्या सॅका ५०. बेरीज २७७. हलक्या डब्यासह ती ५९७ होते आणि चार माणसं सत्तर-सत्तर किलोंची धरली की ८७७. जड डब्याच्या बाबतीत हाच आकडा हजाराच्या पुढं जातो. १.३ टनाची गाडी दोन्ही पेलेल. दोन रांगांच्या केबिनच्या देखण्या गाडीला मात्र हलका डबासुद्धा झेपायचा नाही. तिच्यासाठी तंबू आणि एक लाकडी पेटी पुरे. मी स्वतः ऐपतीचा पाचवा हिस्सा कायम मोकळा ठेवतो, कारण परतीच्या वाटेवर अकोले तालुक्यातल्या राजूरहून कुणीतरी तांदळाचं पोतं घेतंच.

एक समज इथं मोडायला हवा. मागं दोन पाटे वाढवले की गाडी जास्त वजन उचलते, असं गॅरेजात छातीठोक सांगतात. पाटे वाढवल्यानं गाडी खाली बसत नाही, एवढंच. ब्रेक तेच, ॲक्सल तोच, टायर तेच आणि आरसीवरचा आकडाही तोच. मंजूर वजनापेक्षा जास्त भरलं तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड वीस हजारांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार वाढतात. टायरवरचा आकडाही वाचून घ्या. मापानंतर येणारा १०२ म्हणजे एका टायरला ८५० किलो, १०४ म्हणजे ९००, १०६ म्हणजे ९५०. मागच्या दोन टायरांची बेरीज मागच्या ॲक्सलवर येणाऱ्या भारापेक्षा कमी असेल, तर बाकीची सगळी गणितं फुकट.

एकूण वजन बसलं तरी ते कुठं बसलं हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते तोच जास्त अवघड. बैलगाडीच्या काळात याला नेमका शब्द होता: उलाळ. मागं भार जास्त झाला की जू बैलांच्या मानेवरून वर उठायचं. पिकअपही उलाळ होते, फक्त जू दिसत नाही म्हणून कळत नाही. पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं, आणि नवखा चालक त्यावर खूश होतो. दोन ॲक्सलमधलं अंतर ३ मीटर असेल आणि शंभर लिटरची टाकी मागच्या ॲक्सलच्या १ मीटर मागं बसवली, तर पुढच्या चाकांवरून ३३ किलो उचलले जातात आणि मागच्यांवर १३३ पडतात. पाणी शंभरच किलो आहे, पण मागच्या ॲक्सलला १३३ वाटतं. म्हणून टाकी, बॅटरी, शिधा केबिनच्या पाठीला चिकटून ठेवा; मागच्या दाराशी गाद्या आणि कपडे.

डब्याचा तोल शोधायची सोपी युक्ती: डबा भरून, सपाट फरशीवर एका गोल पाईपवर आडवा ठेवायचा आणि पाईप मागंपुढं सरकवायचा. दोन-चार माणसं हाताशी हवीत, कुणाचा पाय खाली नको. जिथं डबा तोलून राहतो तिथं दोन्ही बाजूंना रंगाची रेघ मारा. डबा हौद्यात बसल्यावर ही रेघ मागच्या चाकाच्या मध्यावर किंवा चार बोटं पुढं आली पाहिजे. मागं गेली तर आतलं सामान हलवा, आणि तरीही गेली तर डबा त्या गाडीचा नाही.

मग काटा. एमआयडीसीच्या परिसरात भंगाराच्या आणि स्टीलच्या गाड्यांसाठी काटे असतात. गळीत हंगामात कारखान्याच्या काट्यापाशी ट्रॉल्यांच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ते बरे. आधी रिकामी पिकअप न्या, डिझेलची टाकी फुल करून. नंतर डबा, पाणी, सॅका आणि केबिनमध्ये बसणारे जण, सगळ्यांसह. लाजून खाली उतरू नका, तुमचंही वजन गाडीच उचलणार आहे. दोन्ही वेळी तीन-तीन पावत्या मागा: पूर्ण गाडीची, फक्त पुढची चाकं काट्यावर असतानाची आणि फक्त मागची असतानाची. काट्याच्या दोन्ही बाजूंची जमीन समपातळीत हवी, नाहीतर ॲक्सलचे आकडे फसवतात. मोठ्या काट्यावर वजन पाच-दहा किलोंच्या टप्प्यांनी वाढतं, तेव्हा दोन-चार किलोंवरून काटेवाल्याशी हुज्जत घालू नका. पुढच्या चाकांवरचा भार रिकाम्या गाडीपेक्षा कमी भरला, तर गाडी उलाळ आहे. परत घरी.

डबा सुटा ठेवण्यात आणखी एक फायदा आहे. तो कायमचा वेल्ड केला की गाडीचा नोंदलेला आकारच बदलतो आणि कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं खरं, पण घरगुती डब्याबाबत आरटीओत आधी विचारून घेतलेलं बरं. गाडी चालू असताना डब्यात कुणी बसायचं नाही, मुलं तर नाहीच. म्हणजे एका रांगेच्या केबिनमध्ये जेवढे मावतील तेवढेच. बाकीच्यांनी एसटीनं राजूर गाठावं.

पहिली फेरी लांबची नको. नागापूरहून विळद घाटापर्यंत जा. घाट फार मोठा नाही, पण उतारावर ब्रेक मारल्यावर डबा पुढं सरकतो का, एवढं कळतं. बांधणी चार टर्नबकलनं, तीही चॅसिसला. हौद्याच्या पत्र्याला बांधलं तर पत्रा फाटतो. पुढं लांबच्या फेरीत राहुरीला चहाला थांबाल तेव्हा चारही पुन्हा आवळा, पहिल्या तीस-चाळीस किलोमीटरमध्ये ते हमखास ढिले पडतात. कोल्हार, लोणी, संगमनेर, अकोले हा रस्ता बिनघोर. राजूरनंतर पाचनई, रतनवाडी किंवा घाटघरकडं वळलात की फांद्या आणि विजेच्या तारा डब्याच्या छपराच्या उंचीवर येतात. म्हणून जमिनीपासूनची एकूण उंची स्टिअरिंगसमोर खडूनं लिहून ठेवा.

पाण्याच्या बाबतीत नगरकर हट्टी असतो. भरून घेतल्याशिवाय त्याचा पाय घराबाहेर पडत नाही, आणि त्यात त्याचा दोष नाही. पण पावसाळ्यात आणि दिवाळीपर्यंत घरून वीस लिटर पुरे, बाकीचं राजूरला भरा. ऐंशी किलो तेवढ्या रस्त्यावर फुकट वाहायचे वाचतात. एप्रिल-मेमध्ये नेमकं उलटं. तेव्हा हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याच्या विहिरी तळाला गेलेल्या असतात, आणि शहरातल्या पाहुण्यानं तिथल्या हंड्यावर डोळा ठेवू नये. त्या महिन्यांत शंभर लिटर इथूनच न्या, आणि सामान त्या हिशोबानं कमी करा. लोखंडी खुर्च्या आधी काढा.