गाडीवर फांदी पडली तर भरपाई कोणाकडे मागावी?

वळवाचा पाऊस सुरू झाला की आपल्या सातारा-सांगली भागातील व्यापाऱ्याला दोन काळज्या लागतात. एक, गोदामात पाणी शिरते की काय. दुसरी, गाडी झाडाखाली तर लावली नाही ना. दोन वर्षांपूर्वी माझ्या बाबतीत दुसरी काळजी खरी ठरली. इचलकरंजीहून कापडाचे गठ्ठे घेऊन परत येताना वाटेतील एका गावात चहासाठी थांबलो. गावाचे नाव लिहीत नाही. पाऊस होऊन गेला होता, वारा पडला होता. चहा संपण्याच्या आत गुलमोहराची वाळलेली फांदी गाडीच्या टपावर आली. माणूस बचावला, अल्लाहचे शुक्र. टप दबला, काच फुटली, काचेचे तुकडे घुसून चार-पाच तागे कापले गेले.

हॉटेलवाला म्हणाला, "चाचा, ही फांदी पडणारच होती. आम्ही दोन वेळा अर्ज दिला होता." या एका वाक्याची किंमत मला त्या वेळी कळली नाही. फांदी बाजूला ओढली आणि गॅरेज गाठले. नंतर वकीलसाहेबांनी विचारले, फोटो कुठे आहे? पोलिसांत नोंद केली का? त्या अर्जाची पोच? माझ्याकडे गॅरेजच्या बिलाशिवाय काही नव्हते. संबंधित कचेरीने "नैसर्गिक आपत्ती" असे एका ओळीत कळवून प्रकरण बंद केले. विमाही फक्त सक्तीचा, म्हणजे थर्ड पार्टी. त्यातून स्वतःच्या गाडीचे नुकसान मिळत नाही.

या विषयात सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल समजून घेतले की बाकीचे आपोआप कळते. गुजरातमधील राजकोट येथे 1975 साली पायी कामावर निघालेल्या एका माणसावर रस्त्याकडेचे झाड कोसळले आणि तो मरण पावला. खालच्या न्यायालयांनी भरपाई मंजूर केली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली ती रद्द केली. झाड पडेल हे महापालिकेला अगोदर कळण्यासारखे होते, असे सिद्ध झाले नव्हते. दुसरे प्रकरण दिल्लीचे. 1964 साली स्कूटरवरून जाणाऱ्या एका तरुणावर फांदी पडली आणि तो दगावला. ते झाड वाळलेले, मेलेले होते. पालिकेने झाडांची वेळोवेळी पाहणी करायला हवी होती आणि धोकादायक फांद्या काढायला हव्या होत्या, असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1999 साली पालिकेची जबाबदारी कायम केली. अपघात 1964 चा आणि शेवटचा निकाल 1999 चा, हेही ध्यानात ठेवावे.

दोन्ही ठिकाणी झाड रस्त्याचेच होते. फरक पडला तो धोका अगोदर दिसत होता की नाही, या मुद्द्यावर. हॉटेलवाल्याचे ते दोन अर्ज म्हणजे माझा सगळा दावा होता आणि मी तो टेबलावर सोडून आलो!

म्हणून फांदी पडली तर ती हलवण्यापूर्वी फोटो घ्यावेत. गाडीचे तर घ्यावेतच, पण फांदी जिथून मोडली त्या टोकाचे जास्त घ्यावेत. लाकूड पोकळ आहे, वाळवी लागली आहे, साल गळून गेली आहे, हे त्यात दिसले पाहिजे. पोलीस ठाण्यात नोंद करून तिची प्रत घ्यावी. शेजारच्या दोन दुकानदारांचे लेखी जबाब घ्यावेत. त्या झाडाबद्दल पूर्वी कोणी तक्रार केली होती का, हे माहितीच्या अधिकारात 10 रुपये फी भरून विचारता येते. उत्तराची मुदत 30 दिवसांची आहे. शहरी भागासाठी 1975 चा झाडे जतनाचा कायदा आहे. त्याप्रमाणे दर 5 वर्षांनी झाडांची गणना करायची असते. तिची नोंदही मागावी.

मागायचे कोणाकडे? सातारा शहरात पालिकेच्या रस्त्यावरील झाड असेल तर नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे. सांगली, मिरज, कुपवाड येथे 1998 पासून एकच महानगरपालिका आहे, तेथे आयुक्तांकडे. राज्य रस्त्यासाठी सार्वजनिक बांधकाम विभाग. झाड कोणाच्या कंपाऊंडमधील असेल तर मालकाकडे. तेथे शक्यतो दोन शहाण्या माणसांना मध्ये घालून समझोता करावा. पालिकेवर दावा करण्यापूर्वी 1 महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते आणि दावा 6 महिन्यांच्या आत लावावा लागतो. शासनाला नोटीस 2 महिन्यांची. तोंडी आश्वासनांवर हे 6 महिने कसे निघून जातात, ते माझ्यासारख्याला विचारावे. रक्कम लहान असेल तर लोक अदालतीचा मार्ग आहे, पण तिच्या तारखेची वाट पाहताना मुदत हातची जाऊ देऊ नये.

आता विम्याचे. आपल्यातील कित्येक बंधू धार्मिक कारणाने सक्तीच्या विम्यापलीकडे जात नाहीत. त्याचा निवाडा उलेमांनी करावा, मी व्यापारी आहे. मात्र अशांसाठी वरचा पुरावा हाच एकमेव आधार राहतो, हे त्यांनी जाणावे. ज्यांचा पूर्ण विमा आहे त्यांना पालिकेची चूक सिद्ध करावी लागत नाही. तरी बिल सगळे मिळत नाही. समजा, सव्वातीन वर्षे वापरलेल्या छोट्या कारचे बिल 30,000 झाले : पत्रा 12,000, काच 6,000, प्लॅस्टिक 4,000, मजुरी 8,000. पत्र्याची 25 टक्के घट, प्लॅस्टिकची 50 टक्के, काचेची नाही. वर 1,000 रुपये आपल्या अंगावर. हातात 24,000 येतात. शिवाय पुढच्या वर्षी नो क्लेम बोनस जातो. 8,000 च्या हप्त्यावर 35 टक्के सूट असेल तर ते 2,800 झाले. तेव्हा चार हजारांच्या पोच्यासाठी क्लेम करणे हिशेबात बसत नाही. विम्यातून न मिळालेली रक्कम पालिकेकडे मागता येते. मिळालेली पुन्हा मागता येत नाही.

कापडवाल्यांनी एक गोष्ट खास पाहावी. खासगी कारच्या पॉलिसीत नमुने आणि स्वतःचे सामान सोडून माल वाहण्यास मनाई असते. गठ्ठे भरलेल्या कारवर फांदी पडली तर कंपनी त्यावर बोट ठेवू शकते. आणि मालाचे नुकसान गाडीच्या विम्यात येतच नाही, त्याचा विमा वेगळा.

माझ्या दुकानासमोरही एक जुने झाड आहे, त्याची एक फांदी वाळली आहे. आम्ही सहा दुकानदारांनी सह्या करून अर्ज दिला. त्यात झाडाची जागा, फांदीची दिशा, तारीख लिहिली आणि फोटो जोडला. आवक क्रमांकाची पोच गल्ल्यात ठेवली आहे. फांदी अजून तशीच आहे. गाडी मी रस्त्याच्या पलीकडे लावतो.