ताप नाही, मग संसर्ग कसा?

शंका : माझ्या वडिलांना (वय ६३) लिव्हर सिरोसिस आहे, पोटात पाणी साठतं. परवा ते अचानक असंबद्ध बोलू लागले म्हणून दिल्लीत दाखल केलं. ताप अजिबात नाही. पांढऱ्या पेशी ५,८००, सीआरपी १८, प्रोकॅल्सिटोनिन २.१. डॉक्टर म्हणतात, गंभीर संसर्ग आहे. ताप नसताना संसर्ग कसा? आणि या आकड्यांवरून बाबा वाचतील का, हे कळतं का?
– एक वाचक, नोएडा

समाधान : तुमच्या डॉक्टरांचा संशय मला रास्त वाटतो. सिरोसिसच्या रुग्णाला संसर्ग झाला तरी अनेकदा ताप येतच नाही. बोलण्यात गोंधळ किंवा लघवी कमी होणं हीच पहिली खूण असते. वाढलेली प्लीहा पांढऱ्या पेशी अडवून ठेवते. ज्यांच्या पेशी एरवी ३,००० असतात, त्यांच्या ५,८०० झाल्या तर ती वाढच. म्हणून जुने रिपोर्ट डॉक्टरांना जरूर दाखवा. सीआरपी मुळात यकृतातच बनतं, त्यामुळे यकृत थकलं असेल तर ते हवं तितकं वाढत नाही. १८ पाहून निर्धास्त होऊ नये. प्रोकॅल्सिटोनिन मात्र जिवाणूंच्या संसर्गात शरीरातल्या अनेक अवयवांत तयार होतं. ते ०.५च्या वर गेलं की संशय बळावतो. मूत्रपिंड बिघडलं असेल तर तेही थोडं वाढलेलं असू शकतं, एवढं ध्यानात ठेवायचं.

पण रक्ताच्या या सगळ्या तपासण्यांपेक्षा मला पोटातल्या पाण्याचा रिपोर्ट आधी हवा. ते सुईने काढून तपासलं का, हे आजच विचारा. एका घनमिलिमीटरमध्ये २५० किंवा जास्त न्यूट्रोफिल पेशी असतील तर कल्चरची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करतात. आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) वाढलंय म्हणून नातेवाईक सुईला घाबरतात, पण ही तपासणी बहुधा सुरक्षितपणे होते. पाण्यात संसर्ग निघाला तर अल्ब्युमिनही लागतं : पहिल्या दिवशी वजनाच्या दर किलोला दीड ग्रॅम, तिसऱ्या दिवशी एक ग्रॅम. ते महाग आहे, तरी टाळू नका. त्याने मूत्रपिंड वाचतं आणि मृत्यू कमी होतात, हे १९९९मध्ये स्पेनमधल्या अभ्यासात दिसलं आहे.

आता तुमचा खरा प्रश्न. सिरोसिसमध्ये संसर्ग झालेल्या १०० रुग्णांपैकी सुमारे ३० महिनाभरात दगावतात, असं अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब सांगतो. तुमचे बाबा ३०मध्ये की ७०मध्ये, हे एकटं प्रोकॅल्सिटोनिन सांगू शकत नाही. बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, सोडियम आणि लॅक्टेट एकत्र पाहावे लागतात. दिल्लीतल्या वसंत कुंजच्या आयएलबीएस संस्थेतले डॉ. शिवकुमार सरीन आणि आशियातले त्यांचे सहकारी यांनी, जुन्या आजारात यकृत अचानक ढासळलेल्या रुग्णांसाठी, ५ ते १५ गुणांचा ‘एएआरसी स्कोअर’ बनवला. त्यात बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन, लॅक्टेट आणि शुद्धीची अवस्था मोजतात. ११ किंवा त्याहून जास्त गुण असतील तर धोका मोठा. मला त्यातलं सर्वांत पटणारं हे, की तो चौथ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा काढतात आणि चढला की उतरला हे पाहतात.

क्रिएटिनिनकडे विशेष लक्ष ठेवा. सिरोसिसमध्ये स्नायू झडलेले असतात, म्हणून ते मुळात कमी असतं. ४८ तासांत ०.३ची वाढही मूत्रपिंडाला इजा झाल्याची खूण मानतात. पाण्यात संसर्ग असेल तर ४८ तासांनी न्यूट्रोफिल निदान चौथ्या हिश्शाने उतरायला हवेत. तसं नसेल तर अँटिबायोटिक बदलायचं का, असं स्पष्ट विचारा. आपल्याकडे औषधांना दाद न देणारे जंतू फार आहेत.

शंका : आईला सिरोसिस आहे, सध्या ती बरी आहे. दर महिन्याला घरीच प्रोकॅल्सिटोनिन तपासून घेऊ का?
– एक वाचक, गुरुग्राम

समाधान : नको. बऱ्या माणसात ते करून काही हाती लागत नाही. त्यापेक्षा रोज वजन करा, लघवी कमी होतेय का आणि दिवसा झोप, रात्री जाग असं होतंय का ते पाहा. यातलं काही बदललं किंवा पोट दुखू लागलं, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामक गोळी देऊ नका.