छापील नकाशातील छायांकन : बांध व सर्व्हे नंबर झाकू नयेत

उत्तनच्या परिसरात भातखाचरे, मिठागरे, तिवरांची बने व बोंबील वाळविण्याच्या वलांडी एकमेकांस लागून आहेत. अशा ठिकाणी किनारा नियमन क्षेत्राच्या नकाशावर कोणती जमीन कोणत्या पट्ट्यात पडते, हे नीट दिसणे अगत्याचे असते. हरकतीच्या अर्जास जोडलेल्या छापील प्रतीत सर्व्हे नंबरच काळवंडला, तर अर्जदाराचे म्हणणे लंगडे पडते.

दोष कोठे उद्भवतो ? संगणकाच्या पडद्यावरील रंग प्रकाशाचा असतो. कागदावरील रंग शाईचा असतो. त्यामुळे पडद्यावर फिकी दिसणारी छटा छापल्यावर गडद उतरते. शिवाय काळ्या-पांढऱ्या छपाईत तांबडा व गर्द हिरवा हे दोन्ही रंग जवळजवळ सारखेच करडे होतात. मग तिवरांचे क्षेत्र कोणते व वस्तीचे कोणते, हे ओळखता येत नाही. जेथे दोन छटा एकमेकींवर येतात, तेथे अंधार वाढतो. ३० टक्के गडदपणाच्या दोन छटा मिळून ५१ टक्के होतात.

उपाय. क्यूजीआयएस ही आज्ञावली विनामूल्य मिळते. तीत पुढील क्रमाने काम करावे :

१. प्रत्येक क्षेत्राच्या थराची ओपॅसिटी २० ते ३० टक्क्यांवर आणावी. याहून फार फिकी छटा झेरॉक्समध्ये नाहीशी होते.

२. थरांच्या यादीत बांधांच्या रेषा व सर्व्हे नंबर छायेच्या वर ठेवावेत.

३. प्रत काळी-पांढरी निघणार असल्यास रंगाऐवजी तिरप्या रेषा वापराव्यात. एका क्षेत्रास उजवीकडे झुकणाऱ्या, दुसऱ्यास डावीकडे झुकणाऱ्या व तिसऱ्यास ठिपके द्यावेत. दोन रेषांत २ ते ३ मिलिमीटर अंतर असावे.

४. नंबरांच्या अक्षरांभोवती पांढरी कडा द्यावी.

सीमारेषेची जाडी. १:४००० या प्रमाणाच्या नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरील ४ मीटर. जाड रेषा ओढल्यास तेवढी जमीन तिच्याखाली जाते. २०१९ च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून ५० मीटर व २०० मीटर अशी अंतरे आहेत. या नकाशावर ५० मीटर म्हणजे अवघे साडेबारा मिलिमीटर. म्हणून सीमारेषा पाव मिलिमीटरहून जाड नसावी.

छपाईपूर्वी. 'पानात बसवा' हा पर्याय निवडू नये. त्याने प्रमाण बदलते. नकाशावर प्रमाणपट्टी, उत्तर दिशा व चिन्हांची सूची अवश्य असावी. प्रथम एकच प्रत काढून तिची झेरॉक्स करावी व ती हातभर अंतरावरून वाचून पाहावी. नंबर वाचता आले व क्षेत्रे वेगळी ओळखू आली, तरच उरलेल्या प्रती काढाव्यात.

छायांकन हे जमिनीची ओळख पटविण्याचे साधन आहे. त्याने जमीनच झाकली जाऊ नये, एवढे सदैव ध्यानात ठेवावे.