घटक १ : शिक्षण टिकवणे – प्रौढ विद्यार्थी आणि लेखनाची मराठी

१.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस –
• प्रौढ विद्यार्थ्यांचे शिक्षण मध्येच का खंडित होते, याची प्रमुख कारणे सांगता येतील.
• बोली आणि लेखनाची प्रमाणभाषा यांतील अंतराचा अभ्यासावर होणारा परिणाम स्पष्ट करता येईल.
• स्वतःच्या बोलीतील विचाराचे प्रमाण मराठीतील उत्तरात रूपांतर करता येईल.
• संसार आणि नोकरी सांभाळून अभ्यासाचे वास्तव नियोजन करता येईल.

१.१ प्रस्तावना

विद्यार्थिमित्रहो, नियमित महाविद्यालयात बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बसलेला विद्यार्थी बहुधा अठरा वर्षांचा असतो आणि शिकणे हेच त्याचे त्या काळातील मुख्य काम असते. आपले तसे नाही. आपल्यापैकी कोणी अंगणवाडीत काम करते, कोणी एस.टी.त वाहक आहे, कोणी शेती पाहते, तर कोणाची मुलेच यंदा दहावीला आहेत. दिवसाची सर्व कामे आटोपल्यावर उरलेला वेळ आपण अभ्यासाला देणार आहात.

संसारी आणि कष्टकरी माणसाने शिकण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली पुण्यात शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १९८९ साली नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले आणि पदवीचे शिक्षण घरापर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला झाला. मात्र प्रवेश मिळणे आणि शिक्षण पूर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या दोहोंच्या दरम्यान विद्यार्थी का गळतो आणि गळती कशी टाळता येते, याचा विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे.

१.२ विषय-विवेचन

१.२.१ शिक्षण का सुटते?

उच्च शिक्षणातील गळतीविषयी अमेरिकन अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्ये एक सिद्धान्त मांडला. विद्यार्थी संस्थेच्या शैक्षणिक आणि सामाजिक जीवनात जितका सामावला जातो, तितकी तो टिकून राहण्याची शक्यता वाढते, असे त्याचे सूत्र आहे. वसतिगृहात राहणाऱ्या, मित्रमंडळींत रमणाऱ्या तरुण विद्यार्थ्यांना ते चांगले लागू पडते.

१९८५ मध्ये जॉन बीन आणि बार्बरा मेट्झनर यांनी वयाने मोठ्या, अर्धवेळ शिकणाऱ्या आणि घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र विचार केला. अशा विद्यार्थ्यांच्या बाबतीत महाविद्यालयातील सामाजिक जीवनापेक्षा बाहेरची परिस्थिती अधिक निर्णायक ठरते, असे त्यांनी दाखवून दिले. नोकरीच्या वेळा, पैशाची ओढाताण, घरातील जबाबदाऱ्या आणि जवळच्या माणसांचा पाठिंबा यांचा या परिस्थितीत समावेश होतो. परिस्थिती प्रतिकूल असेल, तर चांगले गुण मिळवणारा विद्यार्थीही शिक्षण सोडतो.

यातून पहिली महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. प्रौढ विद्यार्थी शिक्षण सोडतो तेव्हा त्याची बुद्धी कमी पडली, असा निष्कर्ष काढता येत नाही. स्वतःविषयीही आपण तसा निष्कर्ष काढू नये.

१.२.२ दूरशिक्षणातील ‘दूर’

मायकेल मूर या अभ्यासकाच्या मते दूरशिक्षणातील अंतर केवळ किलोमीटरमध्ये मोजता येत नाही. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात संवाद किती होतो, यावर ते अवलंबून असते. संवाद वाढला की अंतर कमी होते. वर्गात शेवटच्या बाकावर वर्षभर गप्प बसणारा विद्यार्थी शिक्षकापासून दूरच असतो. गडचिरोलीतून समंत्रकाला फोन करून शंका विचारणारी विद्यार्थिनी मात्र जवळ असते.

म्हणून संपर्कसत्रे, स्वाध्याय आणि अभ्यासकेंद्र ही औपचारिकता समजू नये. अंतर कमी करण्याची हीच साधने आहेत. असे असूनही अनेक विद्यार्थी शंका विचारत नाहीत आणि स्वाध्याय देत नाहीत. वेळेचा अभाव हे त्याचे एक कारण आहेच. पण भाषेचा अभ्यासक या नात्याने मला दुसरे एक कारण वारंवार दिसत आले आहे. त्याची फारशी चर्चा होत नाही, म्हणून पुढील भागात ते विस्ताराने पाहू.

१.२.३ घरची मराठी आणि उत्तरपत्रिकेची मराठी

काही वर्षांपूर्वी एका अभ्यासकेंद्रावर विदर्भातील एका अंगणवाडी सेविकेने माझ्यापुढे कोरा स्वाध्याय ठेवला. “सर, मला लिहिता येत नाही. नाव काढून घेते म्हणते,” असे ती म्हणाली. प्रश्न होता : ‘बोली आणि प्रमाणभाषा यांतील फरक स्पष्ट करा.’ मी तिला वही मिटायला सांगितली आणि म्हटले, “लिहू नका. मला नुसते सांगा.” ती थोडी थांबून म्हणाली :

“आम्ही घरी ‘मले’ म्हणतो. शाळेत वहीत ‘मले’ लिहिलं की गुरुजी लाल शाईनं खोडायचे. अन् घरी ‘मला’ म्हटलं की आजी हसायची, मोठी शहरातली झाली म्हणे.”

उत्तर तिला येत होते. पुस्तकातील व्याख्येत नसलेला एक मुद्दाही तिच्या बोलण्यात होता : चुकीच्या ठिकाणी वापरलेले प्रमाणरूपसुद्धा हास्यास्पद ठरते. तिच्यापाशी नव्हती ती फक्त हे सर्व उत्तरपत्रिकेत मांडण्याची रीत. आम्ही दोघांनी मिळून तिच्या बोलण्याचे असे रूपांतर केले :

“बोली घरातील व गावातील व्यवहारात वापरली जाते, तर प्रमाणभाषा शिक्षण व लेखन या औपचारिक क्षेत्रांत वापरली जाते. उदाहरणार्थ, वऱ्हाडी बोलीतील ‘मले’ या रूपाच्या जागी प्रमाण मराठीत ‘मला’ हे रूप येते. शाळेत बोलीचे रूप अशुद्ध मानले जाते. घरी मात्र प्रमाणरूप परके वाटते. यावरून भाषेच्या रूपाची योग्यता प्रसंगानुसार ठरते, असे दिसते.”

दोन्ही परिच्छेदांतील विचार एकच आहे. बदलले ते चार घटक : ‘मी-आम्ही’च्या जागी सर्वसाधारण विधान आले, प्रसंगाच्या जागी ‘उदाहरणार्थ’ने जोडलेला दाखला आला, ‘तर’, ‘मात्र’, ‘यावरून’ अशा शब्दांनी वाक्ये बांधली गेली, आणि शेवटी निष्कर्ष आला. हे चार बदल कोणालाही शिकता येतात.

प्रमाण मराठी ही आपोआप उगवलेली भाषा नाही, हेही येथे लक्षात घ्यावे. १८३१ मध्ये मोल्सवर्थचा कोश, १८३६ मध्ये दादोबा पांडुरंगांचे व्याकरण, त्यानंतर छापील क्रमिक पुस्तके आणि पुढे १९६२ व १९७२ मध्ये ठरलेले मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम यांतून ती घडत गेली. तिचा पाया पुणे परिसरातील सुशिक्षितांच्या भाषेत असला, तरी पुण्यातही कोणी घरी ‘मी काम केले’ असे बोलत नाही. ‘केलं’ असेच म्हणतो. कोल्हापूर भागात स्त्रियाही ‘मी आलो’ म्हणतात आणि मालवणीत ‘मला’ऐवजी ‘माका’ येते. म्हणजे लेखनाची भाषा प्रत्येकालाच काही प्रमाणात शिकावी लागते. कोणाला ती चार पावले चालून गाठता येते, कोणाला चाळीस पावले चालावी लागतात. चाळीस पावलांवर असणारा विद्यार्थी अडाणी ठरत नाही.

बोली विचाराला आणि साहित्याला अपुरी पडते, हा समज तर मराठी साहित्याच्या इतिहासानेच खोडून काढला आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरींची खानदेशातील लेवा बोलीतील गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने आली आणि आज ती विद्यापीठांत अभ्यासली जातात. शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात प्रकाशित झाली. घरगुती बोलण्याची सहजता हेच त्या गद्याचे बळ मानले जाते.

स्वयं-अध्ययन प्रश्न – १

अ) योग्य पर्याय निवडा.
१. बीन व मेट्झनर यांच्या मते प्रौढ विद्यार्थ्यांच्या गळतीत ........ अधिक निर्णायक ठरते. (बुद्धिमत्ता / बाहेरची परिस्थिती / वसतिगृहातील जीवन)
२. मूर यांच्या मते दूरशिक्षणातील अंतर ........ वर अवलंबून असते. (संवादा / प्रवासा / शुल्का)

आ) एका वाक्यात उत्तर लिहा.
‘केलं’ आणि ‘केले’ या रूपांवरून प्रमाणभाषेविषयी काय समजते?

१.२.४ वाचणे आणि आठवणे

थकलेल्या डोळ्यांनी तेच पान चार वेळा वाचणे म्हणजे अभ्यास, अशी आपली समजूत असते. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला, तर काहींनी वाचून झाल्यावर तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुनःपुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतलेल्या चाचणीत मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले.

आपल्यासाठी हे सूत्र फार उपयोगाचे आहे. दोन पाने वाचावीत, पुस्तक मिटावे आणि लक्षात राहिले ते सांगावे. बसमध्ये असाल तर मनात सांगा, स्वयंपाक करताना मुलाला सांगा, रात्री वहीत पाच ओळींत लिहा. येथेही पहिल्यांदा आपल्याच बोलीत सांगायला हरकत नाही. आठवत नाही तेथे थांबून पुस्तक उघडावे. नेमके काय कच्चे आहे, ते त्या क्षणी कळते.

१.२.५ नियोजन : वास्तव आणि मोडल्यावर जोडता येणारे

‘रोज तीन तास’ हा संकल्प बहुधा दुसऱ्या आठवड्यात मोडतो आणि त्याबरोबर मनही मोडते. त्यापेक्षा पुढील पद्धत अवलंबावी.

१. आठवड्यातील पाच दिवस, दररोज चाळीस मिनिटे, शक्यतो एकाच वेळी आणि एकाच जागी बसावे. उरलेले दोन दिवस राहिलेल्या कामासाठी ठेवावेत.
२. पेरणी, सुगी, लग्नसराई, दिवाळी, मुलांच्या परीक्षा हे काळ आधीच दिनदर्शिकेवर नोंदवावेत. त्या काळात अभ्यास कमी होणार हे गृहीत धरावे.
३. घरातील माणसांना अभ्यासाची वेळ स्पष्टपणे सांगावी. न सांगता मदतीची अपेक्षा धरल्यास केवळ रुसवे-फुगवे पदरी येतात.
४. अभ्यासकेंद्रातील एका तरी सहाध्यायीचा फोन क्रमांक घ्यावा. चुकलेल्या सत्राची माहिती त्यामुळे मिळते.
५. पहिला स्वाध्याय अपुरा वाटला तरी मुदतीत द्यावा. शिक्षकाचा शेरा मिळाल्याशिवाय सुधारणेची दिशा कळत नाही.

सलग दोन संपर्कसत्रे चुकणे, पुस्तक महिनाभर न उघडणे, समंत्रकाचा फोन टाळणे ही गळतीची पूर्वचिन्हे आहेत. ती दिसताच ‘आता अभ्यास भरून काढतो आणि मग भेटतो’ असे ठरवू नये. आधी भेटावे. मागे पडल्याची लाज वाटून दूर राहणारा विद्यार्थी आणखी मागे पडतो. आपली नोंदणी किती काळ वैध असते आणि राहिलेला विषय पुन्हा केव्हा देता येतो, हे विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत आजच पाहून ठेवावे. एका विषयात अनुत्तीर्ण होणे म्हणजे शिक्षण संपणे नव्हे.

१.३ समारोप

प्रौढ विद्यार्थ्याचे शिक्षण मुख्यतः परिस्थितीमुळे आणि संवाद तुटल्यामुळे खंडित होते. लेखनाच्या भाषेची भीती हा संवाद तोडणारा एक मोठा अडसर आहे. आधी आपल्या भाषेत सांगावे, मग चार बदलांच्या आधारे ते प्रमाण मराठीत मांडावे, ही रीत त्यावर उपयोगी पडते. आठवून पाहणे, बेताचे नियोजन आणि वेळीच साधलेला संपर्क यांची तिला जोड द्यावी.

वर उल्लेखिलेल्या विद्यार्थिनीने नाव काढून घेतले नाही. तो स्वाध्याय तिने तीन वेळा लिहिला. त्या वर्षी तिचा एक विषय राहिला. पुढील परीक्षेत तिने तो सोडवला. पदवी मिळाल्यावर ती भेटायला आली, तेव्हा वही तिने सोबत आणली होती. पहिल्या पानावर, खोडलेल्या ओळींच्या वर, तिने घरी बोलावे तसेच लिहिलेले होते. ते पान तिने फाडले नव्हते.

१.४ पारिभाषिक संज्ञा

प्रमाणभाषा : शिक्षण, प्रशासन व लेखन यांसाठी समाजाने मान्य केलेले भाषेचे रूप.
बोली : विशिष्ट प्रदेशात वा समाजगटात दैनंदिन व्यवहारासाठी वापरले जाणारे भाषेचे रूप.
गळती : शिक्षणक्रम पूर्ण होण्याआधी विद्यार्थ्याने तो सोडून देणे.
समंत्रक : अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्रे घेऊन मार्गदर्शन करणारा शिक्षक.

१.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

अ) १. बाहेरची परिस्थिती २. संवादा
आ) लेखनातील प्रमाणरूप बोलण्यातील रूपाहून वेगळे असते आणि म्हणून ते प्रत्येकाला काही प्रमाणात शिकावे लागते.

१.६ सरावासाठी प्रश्न

१. टिंटो आणि बीन-मेट्झनर यांच्या विचारांतील फरक स्पष्ट करा.
२. ‘प्रमाण मराठी ही घडवलेली भाषा आहे’ या विधानाचे सोदाहरण विवेचन करा.
३. क्षेत्रीय कार्य : आपल्या घरी वापरली जाणारी, परंतु पुस्तकात न आढळणारी दहा रूपे नोंदवा आणि त्यांची प्रमाणरूपे लिहा. त्यांतील कोणत्याही एका रूपाविषयी घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून, ते काय म्हणाले ते आधी त्यांच्याच शब्दांत व नंतर प्रमाण मराठीत दहा ओळींत लिहा. दोन्ही लेखने समंत्रकाला दाखवा.