मनाचें दुखणें आणि रुग्णालयाचा अपघात विभाग



घरांत कोणास सर्पदंश झाला तर आपण उजाडण्याची वाट पाहत नाहीं. मिळेल त्या गाडीनें रुग्णालय गांठतों. परंतु घरांतील मनुष्य तीन रात्री झोंपला नाहीं, भलतेंच बरळूं लागला, किंवा ‘आतां जगून काय करूं’ असें म्हणूं लागला, तर आपण ‘सकाळीं पाहूं’ म्हणतों, आणि सकाळीं पहिली वाट भगताच्या घराची धरतों. हा भेद योग्य आहे काय, हें आजच्या धड्यांत पाहूं.

गरज किती वाढली आहे? सरकारी नोंदीप्रमाणें महाराष्ट्रांत २०१९ सालीं १८,९१६ आत्महत्या झाल्या. २०२२ सालीं तो आंकडा २२,७४६ वर गेला. असा प्रयत्न करून वांचलेला मनुष्य बहुधा प्रथम सामान्य रुग्णालयाच्या अपघात विभागांतच आणला जातो. इंग्लंड-अमेरिकेसारख्या संपन्न देशांतही मनोरुग्ण खाट मिळेपर्यंत त्या विभागांत तासन्‌तास, कधीं दिवसेंदिवस तिष्ठत असतात.

प्रथम तेथेंच कां जावें? कारण वेडासारखें दिसतें तें सर्व वेड नसतें. मेंदूचा ताप, डोक्यास लागलेला मार, रक्तांतील साखर एकाएकीं उतरणें, ह्यांनींही मनुष्य बरळतो. वर्षानुवर्षें अति दारू पिणाऱ्यानें ती एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांनीं त्यास कंप सुटूं शकतो, नसलेल्या वस्तु दिसतात, आणि उपचार न झाल्यास प्राणही जाऊं शकतो. म्हणून मंडळींत कोणी दारू सोडण्याचा निश्चय केला तर त्यास आधीं डॉक्टरांकडे न्यावें.

कायदा काय सांगतो? २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अंमलांत आहे. शरीराच्या रुग्णास जशी तातडीची सेवा व रुग्णवाहिका मिळते, तशीच मनाच्या रुग्णास मिळावी, असें त्याचें २१ वें कलम सांगतें. ९४ व्या कलमाप्रमाणें जीवास धोका असल्यास कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार करूं शकतो. मात्र ते फार तर ७२ तासांपर्यंत. रुग्णास सांखळदंडानें बांधणें ह्या कायद्यानें निषिद्ध आहे. तामिळनाडूंतील एरवाडी येथें ६ ऑगस्ट २००१ रोजीं आग लागली, तेव्हां बांधून ठेवलेल्या मनोरुग्णांस पळतां आलें नाहीं, व २८ जण मेले, हें विसरूं नये.

कशेळीच्या वाचकांस दोन्ही वाटा जवळ आहेत. एका अंगास भिवंडीचें इंदिरा गांधी स्मृति उपजिल्हा रुग्णालय. दुसऱ्या अंगास खाडीचा पूल ओलांडला कीं ठाणें, जेथें १९०१ सालीं स्थापन झालेलें मनोरुग्णालय आहे. घरीं गाडी नसल्यास १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. सल्ल्यासाठीं १४४१६ ह्या क्रमांकावर सरकारी ‘टेलि-मानस’ सेवा विनामूल्य मिळते.

सोबत जाणाऱ्यानें काय करावें?

१. रुग्णास क्षणभरही एकटें सोडूं नये. जीवास अपाय होईल अशा वस्तु दूर ठेवाव्या.

२. ‘मरावेंसें वाटतें काय?’ असें मायेनें स्पष्ट विचारावें. विचारल्यानें तो विचार मनांत उत्पन्न होत नाहीं. उलट बोलण्यास वाट मिळते.

३. जुनीं औषधें व कागद बरोबर न्यावे; दुखणें केव्हां सुरू झालें तें डॉक्टरांस सांगावें.

४. अपघात विभागांत रक्त वाहणाऱ्याकडे सर्वांचें लक्ष जातें. बांकावर मुकाट बसलेल्याकडे जात नाहीं. म्हणून त्याच्या वतीनें आपण नम्रपणें पण ठामपणें बोलावें.

५. घरीं परतल्यावरचे पहिले आठवडे फार जपावयाचे असतात. त्या काळांत उपदेशकांनीं व शेजाऱ्यांनीं वारंवार भेटावें, आणि औषध चुकूं देऊं नये.

मंडळींत विचारावयाचे प्रश्न: आपल्या गांवाहून रात्रीं रुग्णालयास जाण्यास गाडी कोणाची? सोबत कोण जाईल? रुग्ण परत आल्यावर आपण त्यास कोणत्या नांवानें हांक मारूं: त्याच्या स्वतःच्या, कीं ‘वेडा’ ह्या?