सर्कल घेण्याआधी दाखला मागा

लखनौच्या अलीगंजमध्ये ज्येष्ठातल्या दर मंगळवारी ‘बडा मंगल’ असतो. उत्तरेचं पंचांग पौर्णिमान्त असल्यामुळे त्यांचा ज्येष्ठ आपल्यापेक्षा पंधरवडा आधी लागतो आणि ऐन उन्हाच्या कडाक्यात जुन्या हनुमान मंदिराच्या आसपास जागोजागी भंडारे सुरू होतात. पुरी, बटाटा-टोमॅटोची रस्साभाजी, छोले, कढी-भात, सरबत असा बेत आणि सकाळपासून न थांबणारी रांग. एवढ्या स्वयंपाकाला ॲल्युमिनियमचे भगोने, म्हणजे आपले मोठे टोप, का लागतात हे साध्या हिशेबाने कळतं. ९०० मिलिमीटर व्यासाचं आणि ३ मिलिमीटर जाडीचं ॲल्युमिनियमचं सर्कल, म्हणजे ज्यातून टोप घडवतात ती पत्र्याची गोल चकती, जेमतेम पाच किलो भरतं. तेच स्टीलचं असेल तर पंधरा किलो, तांब्याचं सतराच्या पुढे. भरला टोप भट्टीवरून उतरवणाऱ्या माणसांना हा फरक खांद्यात जाणवतो. शिवाय ॲल्युमिनियम उष्णता पसरवतं ती स्टेनलेस स्टीलच्या दहापटीहून अधिक, त्यामुळे तळाला एकाच जागी करपण्याची धास्ती कमी. तेव्हा ॲल्युमिनियम घ्यावं की नको, हा वाद मी घालत नाही. भांडी घडवणाऱ्याने आणि घडवून घेणाऱ्याने ठरवायचं ते कोणतं ॲल्युमिनियम घ्यायचं हे, आणि ते चकाकीवरून किंवा दुकानदाराच्या शब्दावरून ठरत नाही.

बाजारात सगळ्याला सरसकट ‘ॲल्युमिनियम’ म्हणतात, पण आतला माल वेगवेगळा असतो. ११०० या प्रतीत किमान ९९ टक्के ॲल्युमिनियम असतं. ३००३ मध्ये एक ते दीड टक्का मँगनीज मिसळतात. गाड्यांचे आणि यंत्रांचे सुटे भाग ज्याचे ओततात त्या एडीसी-१२ मध्ये मात्र दहा-बारा टक्के सिलिकॉन आणि दीड ते साडेतीन टक्के तांबं असतं. हे सुटे भाग भंगारात येतात, भट्टीत वितळतात आणि त्यांचं ओतीव भांडं झालं की पॉलिशखाली सगळं सारखंच दिसतं. त्या भंगारासोबत रेडिएटर, डाख, बॅटरीचे तुकडे गेले असतील तर शिसंही भांड्यात उतरतं. ही भीती कल्पनेतली नाही. कॅमेरूनमध्ये असल्या भंगारातून ओतलेल्या भांड्यांमधून अन्नात शिसं उतरतं, हे २०१४ साली संशोधकांनी दाखवलं. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या परिसरात स्थायिक झालेल्या अफगाण निर्वासित मुलांच्या रक्तात शिसं जास्त का, याचा शोध घेताना ॲल्युमिनियमच्या पातेल्यांकडे आणि कुकरकडे बोट गेलं. तो अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने भारतातून गेलेल्या ज्या भांड्याबद्दल इशारा दिला, त्यावर तर ‘प्युअर ॲल्युमिनियम’ असंच छापलेलं होतं. शिक्का ठोकायला फक्त साचा लागतो, त्याने धातू शुद्ध होत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो भंगाराच्या बाजूने. जुनं ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला खनिजातून काढण्याच्या मानाने जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते, मग ते का नाकारायचं? ते नाकारावं असं माझं म्हणणंच नाही. निवडलेली वीजतार, जुनी पत्र्याची भांडी, कारखान्यातली कात्रणं असा एकजिनसी माल वितळवून त्याची रासायनिक तपासणी झाली असेल, तर तो खुशाल वापरावा. हरकत आहे ती मोडीच्या ढिगाला आणि विनातपासणी भट्टीला. दुसरा आक्षेप उलट दिशेचा: मग सर्वांत शुद्ध तेच घेऊ. पण शुद्ध ॲल्युमिनियम मऊ असतं. घरगुती डब्याला, ताटलीला ते चालेल. भंडाऱ्याच्या टोपाला मात्र आदळआपट सोसायची असते, आणि तिथे ११०० पेक्षा सुमारे पाचव्या हिश्श्याने बळकट असलेली ३००३ अधिक टिकते.

प्रत ठरल्यावर जाडी आणि नरमपणा पाहायचा. गेजच्या आकड्याने अनेक जण फसतात, कारण आकडा वाढला की पत्रा पातळ होतो: १० गेज म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, १४ गेज म्हणजे दोन. म्हणून बिलावर मिलिमीटर लिहून घ्यावेत आणि तळाची जाडी घडाईनंतर मोजावी, कारण पत्रा ओढला जाताना कोपऱ्याशी पातळ होतो. खोल टोपासाठी ‘ओ’ टेंपरचं, म्हणजे पूर्ण नरम केलेलं सर्कल लागतं. कडक पत्रा उथळ परातीला चालतो, खोल ओढला तर काठाशी चिरतो. पूर्ण लॉट उचलण्याआधी एकच सर्कल दाबून पाहावं. काठावर उंच-सखल कान उठले, वळणाशी केसासारख्या चिरा दिसल्या किंवा पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत झाला, तर माल परत करावा. पॉलिशवाला ती खरबर घालवील, पण पत्र्याचा दोष तसाच राहील.

तिसरा आक्षेप सर्वांत मोठा: ॲल्युमिनियमच मुळात अपायकारक, मग एवढी चिकित्सा कशाला? आम्लात आणि अल्कलीतही हा धातू विरघळतो, हे खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने २०११ मध्ये दर किलो वजनामागे आठवड्याला दोन मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. म्हणजे साठ किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम. ही मर्यादा वापराची शिस्त सांगते. कढी, टोमॅटोचा रस्सा, चिंचेचं पाणी अशा पदार्थांना आधीपासूनच स्टीलचं भांडं घ्यावं. ॲल्युमिनियममध्ये शिजवलंच तर लगेच काढून घ्यावं, रात्रभर ठेवू नये. भात आणि बटाटे उकडण्याला ॲल्युमिनियम पुरेसं आहे. राखेने किंवा कॉस्टिक सोड्याने घासूही नये, कारण धातूवरचा संरक्षक थर त्यानेच जातो. शिशाचं मात्र वेगळं आहे. त्याची सुरक्षित अशी पातळीच माहीत नाही, आणि वापरातली कोणतीही शिस्त खराब मिश्रधातूला चांगलं करू शकत नाही. ती चूक फक्त खरेदीच्या वेळीच टळते.

छोट्या कारखानदाराला हे परवडत नाही, असं म्हणतात. पण गिरणीतून निघणाऱ्या सर्कलच्या लॉटसोबत रासायनिक तपासणीचा दाखला मिळू शकतो; तो मागावा लागतो एवढंच. भांड्यांच्या घडीव ॲल्युमिनियमसाठी आयएस २१, ओतीवसाठी आयएस २० आणि तयार भांड्यांसाठी आयएस १६६० ही मानकं आहेत, आणि १४ मार्च २०२४ च्या सरकारी आदेशाने ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआय चिन्ह बंधनकारक ठरवलं. तेव्हा अलीगंजचा भंडारा असो की आपल्या गावचा महाप्रसाद, टोप बनवायला देताना चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: प्रत, टेंपर, मिलिमीटरमध्ये जाडी आणि लॉटचा दाखला. यांतली एकही लिहून द्यायला जो कां-कूं करील, त्याच्याकडून स्वस्तातही माल घेऊ नका.